संत्रापट्ट्यातील एका गाडीचा श्वास: हवामार्ग आणि फिल्टरच्या कामाच्या नोंदी

७ एप्रिल २०२४, रविवार

वरुड तालुक्यातील आमच्या गावाहून मध्य प्रदेशातील मुलताईकडे निघाले की सातपुड्याचा चढ लागतो, आणि गेल्या वर्षी जुनी घेतलेली माझी गाडी त्या चढावर उन्हाळ्याच्या दुपारी हमखास मंदावते. ११९७ घन सेंटिमीटरचे, चार सिलिंडरचे पेट्रोल इंजिन आहे आणि धाव ९२ हजार किलोमीटरची झाली आहे. सकाळी सहा वाजता तिसऱ्या गिअरमध्ये जो चढ ती सहज चढते, तोच चढ दुपारी तीन वाजता दुसऱ्या गिअरमध्ये चढावा लागतो. स्पार्क प्लग, इंधनाचा दाब आणि क्लच तपासून झाले असून त्यांत दोष नाही. आमच्या मिस्त्रींनी बॉनेटवर हात ठेवून सांगितले, "भाऊ, गाडीले दम लागून राह्यला. हवा पाहा." त्यांच्या अनुभवावर माझा विश्वास आहे, म्हणून हवेपासूनच सुरुवात करीत आहे.

आरंभीच तीन नियम ठरवून घेतले आहेत. एका वेळी एकच बदल करायचा. प्रत्येक बदलाच्या आधी आणि नंतर मोजणी करायची. आणि गाडीचा मूळ फिल्टर-डबा जागेवरच ठेवून जे काही करायचे ते अर्ध्या तासात पूर्ववत करता येईल असेच करायचे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीत असलेल्या वाहनाच्या मूळ रचनेत मनमानी फेरफार करता येत नाहीत, हे तिसऱ्या नियमामागचे एक कारण आहे. दुसरे कारण असे की त्या डब्याची रचना करणाऱ्या अभियंत्यांनी माझ्यापेक्षा कितीतरी अधिक मोजणी केलेली असणार.

आज पहिली मोजणी केली. गावाबाहेरच्या सपाट, सरळ रस्त्यावर तिसऱ्या गिअरमध्ये ताशी ४० वरून ८० किलोमीटरपर्यंत पोहोचायला लागणारा वेळ, वेगकाट्याचे मोबाइलवर चित्रीकरण करून काढला. दोन्ही दिशांना तीन-तीन फेऱ्या करून सरासरी घेतली. पहाटे १०.२ सेकंद लागले आणि दुपारी, ४१ अंशांत, ११.१ सेकंद.

९ एप्रिल, पाडवा

गुढी उभारून झाल्यावर फिल्टरचा डबा उघडला. कागदाचा फिल्टर काळ्या मातीच्या धुळीने राखाडी पडलेला असणे अपेक्षितच होते. त्याहून गंभीर गोष्ट डब्याच्या झाकणाशी आढळली. झाकणाच्या चार क्लिपांपैकी मागची, हाताला सहज न लागणारी क्लिप तुटलेली होती आणि त्या कोपऱ्यात झाकण सुमारे दोन मिलिमीटर उचललेले होते. फिल्टरच्या रबरी काठावरून स्वच्छ बाजूकडे गेलेली, बोटाच्या पेराएवढी रुंद, राखेच्या रंगाची एक रेघ तेथे स्पष्ट दिसत होती. ती धूळ बोटावर घेऊन काचेच्या तुकड्यावर घासली, तेव्हा काचेवर बारीक चरे उमटले. वाळूतील सिलिका कठीणपणाच्या मोह मापनपट्टीवर सातव्या क्रमांकावर आहे. पिस्टनच्या रिंगा आणि सिलिंडरची भिंत यांच्यामध्ये ती शिरली की पॉलिश पेपरसारखे काम करते. गाडी किती जोरात धावते याची चिंता मी करीत होतो आणि प्रत्यक्षात ती कित्येक महिने धूळ पीत होती, याचे मनापासून वाईट वाटले.

तात्पुरती तार बांधून कोपरा दाबून ठेवला आहे. पक्की क्लिप पेठेतून आणायची.

१४ एप्रिल, रविवार

हवामार्गात अडथळा किती आहे हे अंदाजाने ठरवणे मला मान्य नाही. आमच्या संत्र्याच्या बागेत ठिबकच्या फिल्टरच्या आधी एक आणि नंतर एक असे दोन दाबमापक आहेत. दोघांतील फरक वाढला की फिल्टर धुवायचा, हे शेतावरचा गडीही जाणतो. गाडीच्या फिल्टरलाही हाच न्याय लावता येतो. फरक एवढाच की येथील दाब फार कमी असतो, त्यामुळे दाबमापकाऐवजी पाण्याची नळी घ्यावी लागते.

गवंड्याची लेव्हल काढायची पारदर्शक नळी आणली, लाकडी फळीवर इंग्रजी 'यू'च्या आकारात तारेने बसवली आणि मध्ये मोजपट्टी चिकटवली. पाणी नीट दिसावे म्हणून त्यात कपड्यांची नीळ मिसळली. दोन्ही भुजा एक-एक मीटर उंच ठेवल्या आहेत, जेणेकरून पाणी इंजिनात ओढले जाण्याचा प्रश्नच उद्भवू नये. नळीचे एक टोक मोकळे राहते आणि दुसरे टोक हवामार्गातील ज्या ठिकाणचा दाब हवा तेथे जोडायचे. दोन भुजांतील पाण्याच्या पातळीचा फरक हेच उत्तर.

वातावरणाचा दाब साधारण दहा मीटर पाण्याच्या स्तंभाएवढा असतो. म्हणजे नळीतील एक सेंटिमीटर फरक हा वातावरणाच्या दाबाचा ढोबळमानाने एक हजारावा भाग होय, आणि थ्रॉटल (ॲक्सिलरेटर दाबला की उघडणारी, इंजिनात हवा सोडणारी झडप) पूर्ण उघडा असताना इंजिनाची ताकदही साधारण तेवढ्याच प्रमाणात घटते. पुढचे सर्व आकडे याच हिशेबाने वाचायचे आहेत.

२१ एप्रिल, रविवार

नवी स्प्रिंगची क्लिप बसली. झाकण चारही बाजूंनी सारखे बसते आहे की नाही, हे पाहण्यासाठी फिल्टरच्या काठाला ग्रीसचा अगदी पातळ थर देऊन झाकण लावले आणि उघडले. ग्रीसवरचा ठसा कोठेही तुटलेला नव्हता.

नळीचे एक टोक डब्याच्या तळाशी मुळातच असलेल्या निचऱ्याच्या छिद्राला जोडले. ही फिल्टरच्या आधीची जागा. दुसऱ्या मोजणीसाठी झाकणाला चार मिलिमीटरचे छिद्र पाडले, जे एरवी रबरी बुचाने बंद राहील. ही फिल्टरनंतरची जागा. पुतण्या शेजारच्या आसनावर फळी उभी धरून बसला. पूर्ण थ्रॉटल, दुसरा गिअर, इंजिनाचे मिनिटाला ५५०० फेरे. जुन्या फिल्टरसह, "काका, एकवीस!" म्हणून तो ओरडला तो आकडा फिल्टरनंतरचा. फिल्टरच्या आधी ९ सेंटिमीटर होते. म्हणजे निव्वळ फिल्टरचा अडथळा १२ सेंटिमीटर आणि तोंडापासून डब्यापर्यंतच्या मार्गाचा ९.

मग नवा, साधा, कंपनीच्या मापाचा कागदी फिल्टर बसवला. फिल्टरनंतरचा आकडा १२.५ वर आला. आधीचा ९ तसाच. नव्या कागदाचा अडथळा फक्त साडेतीन सेंटिमीटर.

याचे कारण कागदाच्या घड्यांत आहे. मी त्या मोजल्या: ६० घड्या, प्रत्येक घडीच्या दोन बाजू, खोली साडेतीन सेंटिमीटर आणि रुंदी १७. एकूण कागद सुमारे ०.७ चौरस मीटर भरतो. ५५०० फेऱ्यांना हे इंजिन मिनिटाला अंदाजे २.८ घनमीटर हवा घेते, पण एवढ्या पृष्ठभागावर पसरल्यामुळे ती कागदातून सेकंदाला सहा-सात सेंटिमीटर एवढ्या मंद गतीने जाते. तीच हवा आधीच्या अरुंद मार्गातून मात्र सेकंदाला पंचवीस मीटरच्या घरात धावते. खरी अडचण कोठे आहे, ते येथेच कळते.

मायलेजच्या आशेने फिल्टर बदलणाऱ्यांसाठी एक गोष्ट नोंदवून ठेवतो. नेहमीच्या चालवण्यात थ्रॉटल अर्धवट बंद असतो आणि त्याच्यामागे कित्येक मीटर पाण्याएवढी निर्वात पोकळी असते. तिच्यापुढे फिल्टरचे दहा-बारा सेंटिमीटर नगण्य ठरतात, आणि आत जितकी हवा जाते त्या प्रमाणातच पेट्रोल इंजिनाचा संगणक देतो. अमेरिकेतील ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेने २००९ साली केलेल्या चाचण्यांतही तुंबलेल्या फिल्टरमुळे इंजेक्शनच्या पेट्रोल गाड्यांचे मायलेज घटल्याचे आढळले नाही, मात्र वेग घेण्याची क्षमता घटली. कार्ब्युरेटरच्या जुन्या गाड्यांची गोष्ट वेगळी होती, आणि आपल्याकडचा समज बहुधा त्या काळापासून चालत आला आहे.

२८ एप्रिल, रविवार

आज तापमान मोजले. ओबीडी स्कॅनर (गाडीच्या संगणकातील आकडे दाखवणारे यंत्र) जोडून आत जाणाऱ्या हवेच्या सेन्सरचा आकडा वाचत गेलो. बाहेर सावलीत ४३ अंश असताना, मोकळ्या रस्त्यावर ताशी ६० च्या वेगाने सेन्सर ५४ दाखवत होता आणि चढावर, ताशी २० च्या वेगाने, तो ६८ वर पोहोचला. इंजिन बाहेरची हवा घेत नव्हते. रेडिएटरवरून तापून आलेली, बॉनेटखालची हवा घेत होते.

कारण शोधायला फार वेळ लागला नाही. रेडिएटरच्या वरच्या पट्टीवर दोन रिकामी छिद्रे दिसली, आणि त्यांच्या रेषेत डब्याचे नाक, म्हणजे हवा आत घेणारे तोंड, बॅटरीच्या ट्रेला टेकून चेपलेले, अंडाकृती झालेले होते. ग्रिलमागून थंड हवा आणणारी मूळ नळी या गाडीत नाहीच! आधीच्या मालकाकडे समोरच्या बंपरचे काम झाले होते. त्या वेळी ती काढली गेली आणि परत बसवलीच नाही, असे दिसते. ज्या गॅरेजात ते काम झाले त्यांनी हे मालकाला सांगायला हवे होते, कारण गाडी तशीही चालू होते आणि चालते, आणि त्यामुळे ग्राहकाला कधीच कळत नाही.

हिशेब सरळ आहे. हवेची घनता केल्व्हिनमधील तापमानाच्या व्यस्त प्रमाणात बदलते. ६८ अंशांची हवा ५० अंशांवर आणली तर त्याच आकारमानात सुमारे साडेपाच टक्के अधिक हवा मावते. त्यातला काही लाभ पुढे गरम मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे सिलिंडरांकडे हवा वाटून देणाऱ्या भागात, हरवतो हे खरे. परंतु हवा फार तापली की ठोका (सिलिंडरमधील मिश्रण आपोआप पेटून होणारा खडखडाट) टाळण्यासाठी संगणक ठिणगीची वेळही मागे खेचतो, आणि तो तोटा वेगळाच. मुलताईच्या चढावरचे कोडे बहुतांशी येथे सुटले.

५ मे, रविवार

मूळ नळी मागवली आहे. मिळायला किती दिवस लागतील हे दुकानदार सांगू शकले नाहीत. दरम्यान एका मित्राने त्याचा तेल लावलेला, कापसाच्या जाळीचा फिल्टर प्रयोगासाठी दिला. आपल्या कापसाच्या मुलखात कापसाचा फिल्टर, म्हणून मला त्याविषयी विशेष उत्सुकता होती. तारेच्या दोन जाळ्यांमध्ये कापसी कापडाचे थर, आणि त्या थरांवर धूळ धरून ठेवणारे चिकट तेल, अशी त्याची रचना असते. धुऊन, वाळवून, पुन्हा तेल लावून तो वापरता येतो, हा त्याचा खरा गुण आहे.

पाण्याच्या नळीवर फिल्टरनंतरचा आकडा ११.५ आला. कागदापेक्षा एक सेंटिमीटर कमी, म्हणजे एक हजारावा भाग. त्यानंतर ठरवून शेतरस्त्यांवर २०० किलोमीटर गाडी चालवली आणि झाकणाची स्वच्छ बाजू जुन्या धोतराच्या पांढऱ्या तुकड्याने पुसली. कापडावर विटकरी-करड्या रंगाचा पातळ पण सलग पट्टा उमटला. कागदी फिल्टर लावून तेवढेच अंतर त्याच रस्त्यांवर चालवल्यावर पुसलेला दुसरा तुकडा जवळजवळ पांढराच राहिला. हे दोन तुकडे मी वहीत चिकटवून ठेवले आहेत. शर्यतीच्या डांबरी धावपट्टीवर हा फिल्टर योग्य असेलही, आणि तेल बेताने लावले असते तर निकाल थोडा सुधारलाही असता. पण मुरूम, काळी माती आणि गिट्टीच्या डंपरांमागे चालणाऱ्या गाडीत एक हजाराव्या भागासाठी धूळ आत घेणे मला पटत नाही. मित्राचा फिल्टर स्वच्छ करून परत दिला.

ट्रॅक्टरच्या हवामार्गावर असतो तसा, धूळ गरगर फिरवून वाटीत पाडणारा प्री-क्लीनर लावावा का, याचाही विचार केला. हवेचा वेग असेल तरच तो काम करतो, आणि गाडीचे इंजिन बहुतेक वेळ फार थोडी हवा ओढते. नांगरणीत तासन्‌तास पूर्ण भाराने चालणाऱ्या ट्रॅक्टरला तो शोभतो. गाडीसाठी तो विचार सोडला.

१२ मे, रविवार

नळी स्वतःच करायची ठरवली. विहिरीच्या मोटारीसाठी आणलेल्या ६३ मिलिमीटरच्या पीव्हीसी पाइपचा तुकडा घरी होताच. शेतात पाण्यासाठी आपण एल्बोऐवजी लांब बेंड लावतो, कारण काटकोनात वळलेले पाणी जोर गमावते. हवेचेही तसेच आहे, म्हणून येथेही लांब बेंडच वापरला. पाइपाचे कापलेले तोंड तसेच धारदार ठेवले तर काठाशी हवा आत वळताना भोवरे उठतात, म्हणून त्याला कर्ण्यासारखा आकार दिला: गोवऱ्यांच्या निखाऱ्यांवर तोंड सावकाश फिरवून मऊ केले आणि पितळी तांब्याच्या खांद्यावर दाबून धरले. पीव्हीसी जाळू नये, त्याचा धूर घशाला आणि फुफ्फुसाला घातक असतो. फक्त मऊ होईपर्यंतच तापवावे.

बॅटरीचा ट्रे दीड सेंटिमीटर सरकवल्यावर डब्याचे नाक पुन्हा गोल झाले. नळी त्यावर रबरी बाही आणि क्लॅम्पने बसली व तोंड ग्रिलमागे, जमिनीपासून ६८ सेंटिमीटर उंचीवर आले. फिल्टरच्या आधीचा आकडा ९ वरून ४ वर, आणि नंतरचा १२.५ वरून ७.५ वर उतरला. कोणताही महागडा सुटा भाग न आणता मिळालेले हे पाच सेंटिमीटर पाहून फार समाधान वाटले.

१९ मे, रविवार

ते समाधान आठवडाभरच टिकले. गुरुवारी मुलताईहून परतल्यावर गाडी उन्हात उभी होती. शुक्रवारी फिल्टरच्या आधीचा आकडा ४ ऐवजी ७ दिसला, म्हणून बॉनेट उघडले, तर बेंडजवळ पाइप चपटा होऊन पंख्याच्या आवरणावर टेकलेला होता. पीव्हीसी सत्तर-ऐंशी अंशांच्या आसपास मऊ पडते, आणि इंजिन बंद केल्यानंतर पंखाही थांबतो तेव्हा रेडिएटरजवळची उष्णता कोठेच जात नाही. निखाऱ्यावर जो पाइप मी स्वतः मऊ केला, तो तेथे टिकेल हे मी गृहीत धरले, ही माझी चूक झाली. आवरणाऐवजी तो पंख्याच्या पात्यांत गेला असता तर तुकडे उडाले असते.

तुषार सिंचनाच्या काळ्या एचडीपीई पाइपचा तुकडा आता वापरला आहे. तो पुष्कळ अधिक उष्णता सोसतो, मात्र निखाऱ्यावर तो असमान तापतो, म्हणून फुटाणेवाल्याप्रमाणे कढईत वाळू तापवून त्यात तोंड पुरले आणि तांब्यावर बसवून वर थंड पाणी ओतेपर्यंत दाबून धरले. हात सोडला की तो पुन्हा मूळ आकारात येऊ पाहतो. पीव्हीसीचे सोल्युशन या पाइपाला चिकटत नाही, त्यामुळे सर्व जोड रबरी बाहीचे. रेडिएटरच्या पट्टीवरच्या त्या दोन रिकाम्या छिद्रांत पत्र्याची पट्टी बसवून नळीला आधार दिला.

२६ मे, रविवार

नवतपा सुरू झाला असून दुपारी सावलीत ४५ अंश होते. मोकळ्या रस्त्यावर आत जाणारी हवा ४९, चढावर ५३. महिन्यापूर्वी बाहेर दोन अंश कमी असूनही हेच आकडे ५४ आणि ६८ होते. तिसऱ्या गिअरमधील ४० ते ८० साठी दुपारी १०.४ सेकंद, म्हणजे पहिल्या दिवसापेक्षा ०.७ सेकंद कमी. पूर्ण थ्रॉटलला ३००० फेऱ्यांवर ठिणगीचा कोन १४ वरून १७ अंशांवर गेल्याचे, म्हणजे संगणक ठिणगी आता कमी मागे खेचत असल्याचे, स्कॅनरवर दिसले. मुलताईचा चढ आज दुपारी तीन वाजता तिसऱ्या गिअरमध्ये चढलो. मिस्त्री शेजारी बसले होते. वर पोहोचल्यावर त्यांनी फक्त मान हलवली.

पहाटेच्या वेळेत मात्र १०.२ वरून १०.० एवढाच फरक आहे, हेही प्रामाणिकपणे लिहिले पाहिजे.

१६ जून, रविवार

पहिला दमदार पाऊस झाला. डब्याच्या तळाचे निचऱ्याचे छिद्र मोकळे केले आणि समोरून पाइपाने पाणी मारून पाहिले. डब्यात चार-पाच थेंब आले, कागद कोरडा राहिला. सिलिंडरमध्ये पाणी गेले तर ते दाबले जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो, म्हणून तोंडाची उंची कमी न करण्याचा आणि ढोपरभर पाणी असलेला नाला गाडीने न ओलांडण्याचा निश्चय आहे. गावातील काही मुले हवामार्गावरचा रिकामा दिसणारा काळा डबा, म्हणजे रेझोनेटर, कापून टाकतात. त्याने आवाज वाढतो आणि वाढलेला आवाज ताकदीसारखा वाटतो. मी तो काढलेला नाही.

१४ जुलै, रविवार

पीयूसी काढली. कार्बन मोनॉक्साइड ०.०८ टक्के, मर्यादा ०.३. मूळ नळीची चौकशी अजून सुरूच आहे.

१ डिसेंबर, रविवार

सहा हजार किलोमीटर झाले. गेल्या आठवड्यात फिल्टरनंतरचा आकडा एकाएकी १२ वर गेलेला पाहून फिल्टर तुंबला असे वाटले. प्रत्यक्षात फिल्टरच्या आधीचाच आकडा सात होता. ऑक्टोबरमध्ये किडे आत जाऊ नयेत म्हणून नळीच्या तोंडावर मी बारीक जाळी लावली होती, आणि कापसाने भरलेल्या गाड्यांच्या मागे चालून तिच्यावर रुईचा पातळ, चादरीसारखा थर बसला होता. तो बोटाने एका ओढीत निघाला. दोन जागी मोजण्याची व्यवस्था नसती तर चांगला फिल्टर फेकून दिला असता. बारीक जाळीच्या जागी आता एक सेंटिमीटर घरांची जाळी बसवली आहे.

जाळी काढून पुन्हा मोजले: आधी ४, नंतर ९. नव्या कागदाचा साडेतीनचा अडथळा आता पाच झाला आहे. तेवढ्यासाठी त्याला हात लावणार नाही, कारण कागदावर बसलेला धुळीचा पहिला थरच पुढची बारीक धूळ अडवतो. पंक्चरच्या दुकानात जोराची हवा मारली की तो थर जातो आणि कागदाचे तंतूही फाटतात. मोजपट्टीवर १४ सेंटिमीटरवर लाल रंगाची रेघ ओढली आहे. पाणी तेथे पोहोचले की नवा फिल्टर. शेजारच्या काकांनी त्यांच्या पिकअपचा फिल्टर मोजायला फळी मागितली आहे, ती उद्या सकाळी त्यांच्याकडे न्यायची आहे.